वैलावरची वाफ

मातीच्या चुलीवरचा स्वयंपाक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वैल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. चुलीवर भाताला उकळी येत असते आणि आतल्या भोकातून पलीकडे गेलेली आच वैलावरच्या आमटीला पुरते. त्यासाठी वेगळे लाकूड लागत नाही. जहाजावर गॅस टर्बाइनला वाफेच्या टर्बाइनची जोड देण्याची जी रीत या पुस्तकात मांडली आहे, तिचे मर्म हेच आहे. वाचकांनी समीकरणांकडे वळण्यापूर्वी हा वैल मनात ठेवावा.

चांगले सागरी गॅस टर्बाइन इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे ३८ टक्के कामी लावते. उरलेली बहुतेक उष्णता साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या वायूबरोबर धुराड्यातून निघून जाते. त्या वाटेवर बॉयलर बसवला की फुकटची वाफ मिळते. फ्रान्समधल्या सँ-नाझेर येथे बांधलेल्या आणि २००० साली सेवेत आलेल्या ‘मिलेनियम’ या प्रवासी जहाजावर प्रत्येकी सुमारे २५ मेगावॉटची दोन गॅस टर्बाइन होती. त्यांच्या धुरावर आणखी नऊएक मेगावॉटचे वाफेचे टर्बाइन चाले. म्हणजे ३८चे जवळजवळ ४५ झाले. शिवाय वाफ धुलाईला, मुदपाकखान्याला आणि समुद्राचे पाणी गोडे करायलाही लागतेच.

मग सगळी जहाजे अशी का नाहीत? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तुम्ही योग्य दारातून आत आला आहात. गॅस टर्बाइनला शुद्ध, महाग तेल लागते, तर मोठे मंदगती डिझेल इंजिन जाड, स्वस्त तेलावर चालून एकट्याने ५० टक्क्यांच्या आसपास पोचते. तेलाचे भाव चढले, तेव्हा ‘मिलेनियम’च्या मालकांनाही पुढे डिझेल जनित्राची सोय करावी लागली. त्यातच जहाज सदासर्वदा पूर्ण वेगाने जात नाही. वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते, आणि निम्म्या भारावर गॅस टर्बाइनची कार्यक्षमता घसरते. चूल मंदावली की वैलही निवतो. म्हणून कार्यक्षमतेचा आकडा कुठेही दिसला, तर तो किती भारावरचा, कोणत्या तेलावरचा आणि किती गरम हवेतला, एवढे आधी विचारून घ्या. वैशाखातल्या अरबी समुद्रावर गॅस टर्बाइनची शक्ती कागदावरच्या १५ अंशांच्या हवेतल्यापेक्षा कमी भरते.

सवड काढून एकदा भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडा. शेजारीच माझगाव डॉक आहे. तिथे बांधलेल्या कोलकाता वर्गाच्या विनाशिकांवर प्रत्येकी चार गॅस टर्बाइन आहेत, पण वाफेची जोड नाही. युद्धनौकेला झटपट निघायचे असते; बॉयलरचे वजन आणि जागा तिला परवडत नाही. लाँच पलीकडे पोचते त्या उरणमध्ये मात्र वीजकेंद्रातल्या गॅस टर्बाइनांचा धूर बॉयलरांतून जातो. एका काठावर नुसती चूल आणि दुसऱ्यावर वैलासकट! गंमत अशी, की त्या विनाशिकांची टर्बाइने ज्या युक्रेनी मिकोलाइव्हची, त्याच गावाने सोव्हिएत काळात ‘कापितान स्मिर्नोव’ हे मालवाहू जहाज वैलासकट बांधले होते.

नवख्या वाचकांनी टर्बाइनपासून सुरुवात करू नये, असे मला वाटते. पाती देखणी असतात आणि त्यांतच मन अडकते. खरा पेच बॉयलरच्या नळ्यांत आहे. नळ्या दाट बसवल्या तर उष्णता जास्त मिळते, पण धुराला अडथळा होतो आणि मूळ टर्बाइनच दमते; वैलाचे भोक चोंदले की चूल धुमसते, तसे. धूर फार निववला, तर तेलातल्या गंधकाचे आम्ल होऊन नळ्यांवर दव धरते आणि पोलाद खाते. काजळीचा पातळ थरही उष्णता अडवतो, आणि ती खरवडायला माणूस आत शिरेल एवढी जागा आराखड्यातच सोडावी लागते. म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण धुराड्यावर आहे.