जुना बॅक ठेवावा की काढावा?

सिकंदराबादेहून उस्मानिया विद्यापीठाकडे जाताना तारनाका लागतो. तार आणि नाका हे दोन्ही शब्द मराठी माणसाला कोणी समजावून द्यावे लागत नाहीत; येथे पूर्वी तारेचे कुंपण व नाका होता, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. एका अंगास विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार, दुसऱ्या अंगास लालागुड्याची रेल्वे वसाहत. विद्यार्थी आणि नोकरदार यांच्या अशा वस्तीत फुटबॉलचा हंगाम आला की एक जुना वाद हटकून डोके वर काढतो. गेली दहाबारा वर्षे गोलापुढे भिंतीसारखा उभा राहिलेला बॅक आता दमू लागला आहे. चेंडू पाठीमागे गेला की वळायला त्याला वेळ लागतो. आणि मैदानाबाहेर एक तरुण वर्षभर कसून सराव करून आपल्या पाळीची वाट पाहत बसला आहे. जुन्यास ठेवावे की निरोप द्यावा? एक पक्ष म्हणतो, त्याचे उपकार विसरू नका. दुसरा म्हणतो, उपकारांनी गोल अडत नाहीत. दोघांच्याही बोलण्यात थोडेथोडे तथ्य असते, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

या वादाला हैदराबाद शहरापुरते एक ऐतिहासिक उत्तर आहे, आणि ते एका शाळामास्तराने दिलेले आहे. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ सालचा. ते उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर व पेशाने शिक्षक. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलिस संघाची धुरा त्यांच्याकडे आली. मास्तरांनी पोलिसांना शिस्त लावावी, हा योग जरा गमतीचाच. परंतु १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे या संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावरून रोव्हर्स चषक नेला, हे मुंबईच्या जुन्या प्रेक्षकांना चांगलेच स्मरत असे.

रहीम यांच्यापुढे हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो एका मानहानीनंतर. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा दहा विरुद्ध एक असा धुव्वा उडवला. संघाचे मार्गदर्शक रहीम हेच होते, तेव्हा तो पराभव त्यांचाही होता. बहुतेक भारतीय खेळाडू त्या दिवशी अनवाणी खेळले. एवढ्या मोठ्या पराभवानंतर बळीचा बकरा शोधण्याची रीत सर्वत्र सारखी आहे, आणि बचावफळीच्या माना त्यासाठी सर्वांत सोयीच्या. गोल करायचे राहून गेले, तर ते विसरले जाते. गोल होऊ दिला, तर तो धनी शोधतो.

पुढल्याच वर्षी, १९५३ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडवरही असाच प्रसंग गुदरला. वेम्ब्लीच्या मैदानावर हंगेरीने इंग्लंडला सहा विरुद्ध तीन असे हरवले. हंगेरीचा मध्य आघाडीचा खेळाडू हिदेगकुटी आघाडीला न राहता मागे सरकून खेळे. त्याच्यामागे जावे तर गोलापुढे खिंडार पडते, न जावे तर तो मोकळा राहतो, या पेचात इंग्रजांची बचावफळी सापडली. उजवा बॅक आल्फ रॅम्सी तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. त्या दिवशी त्याने स्वतः एक पेनल्टी गोलात घातली. तरी इंग्लंडकडून तो पुन्हा कधी खेळला नाही. त्या संघातील आणखीही काही जणांची राष्ट्रीय कारकीर्द त्या दुपारी संपली. येथे नीट विचार केला पाहिजे. त्या दिवशी थकले होते ते पाय, की त्या पायांना शिकवलेला खेळ? जो डाव कोणी पाहिलेलाच नाही, त्यापुढे वीस वर्षांचा बॅकही तेवढाच बावरला असता.

रहीम यांनी हा भेद ओळखला होता, असे त्यांच्या पुढील निवडीवरून दिसते. हेलसिंकीनंतर बूट सक्तीचे झाले. मागे सरकून खेळणाऱ्या आघाडीच्या खेळाडूची हंगेरीची चाल त्यांनी आपल्या संघांना शिकवली. आणि १९५६ मध्ये मेलबर्नला गेलेल्या संघात त्यांनी कोणास घेतले? पीटर थंगराज, तुळसीदास बलराम, पी. के. बॅनर्जी ही विशीतील पोरे होतीच. पण त्यांच्या जोडीला हैदराबाद पोलिसांचे फुलबॅक अझीझुद्दीन आणि हाफबॅक नूर महंमद हेही होते, आणि हे दोघेही हेलसिंकीच्या संघातले! दहा गोलांचा डाग लागलेल्या संघातील माणसे पुन्हा ऑलिंपिकला नेणे, ही वर्तमानपत्री टीकेला निमंत्रण देणारी गोष्ट होती. मेलबर्नला भारताने ऑस्ट्रेलियास चार विरुद्ध दोन असे हरवले. मूळ गोव्याच्या व मुंबईत नाव काढलेल्या नेव्हिल डिसूझाने त्यात तीन गोल केले. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. पहिला गोल डिसूझाचाच. शेवटी सामना गेला, परंतु चार विरुद्ध एक असा. युगोस्लाव्हियाचा संघही चार वर्षांपूर्वीचा नव्हता, हे मान्य करूनसुद्धा दहा आणि चार यांत जे अंतर आहे ते डोळ्यांत भरण्यासारखे आहे. माणसे काही तीच होती; त्यांना दिलेले काम बदलले होते.

याचा अर्थ रहीम यांच्या काळी कोणासच निरोप मिळाला नाही असा नव्हे. १९५१ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारा आणि हेलसिंकीलाही कर्णधार असलेला थोर फुलबॅक शैलेन मन्ना मेलबर्नच्या संघात नव्हता. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. मात्र त्याच्या क्लबाने, मोहन बागानने, त्याला १९६० पर्यंत ठेवले. १९४२ पासून एकोणीस हंगाम तो त्याच पोशाखात खेळला. देशाच्या संघाने सोडलेला माणूस क्लबाला चार वर्षे उपयोगी पडला. यात विसंगती नाही. त्या काळी भारतातील बहुतेक सामने नव्वद मिनिटांपेक्षा कमी वेळाचे असत. परदेशी मात्र पुरी नव्वद मिनिटे धावावे लागे. शिवाय बदली खेळाडू घेण्याची मुभा नव्हती. विश्वचषक स्पर्धेत ती प्रथम मिळाली १९७० मध्ये. बचावफळीतील वयस्क गडी लंगडू लागला, तर उरलेला वेळ संघाला दहांनिशी काढावा लागे. आजच्या प्रशिक्षकास पाच बदली खेळाडू मिळतात, म्हणून त्याचे औदार्य स्वस्त झाले आहे.

वयाने काय जाते आणि काय राहते, याचा उत्कृष्ट दाखला १९६२ च्या विश्वचषकात मिळाला. ब्राझीलचा डावा बॅक निल्टन सांतोस सदतीस वर्षांचा होता. स्पेनविरुद्ध त्याने गोलाच्या चौकटीजवळच्या पेनल्टीच्या क्षेत्रात प्रतिस्पर्ध्यास पाडले, आणि पंच पोहोचण्याआधी, जणू काही घडलेच नाही अशा मुद्रेने, तो हळूच एक पाऊल रेषेबाहेर जाऊन उभा राहिला. पंचाने पेनल्टीऐवजी साधी फ्री किक दिली. ब्राझीलने तो सामना जिंकला, आणि पुढे विश्वचषकही. या युक्तीची नीती शाळेत शिकवण्याजोगी नाही खरी. पण वीस वर्षांच्या मुलाला ती सुचली नसती, एवढे खास.

त्याच वर्षी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रहीम यांनी आपले उत्तर पूर्ण केले. बचावफळीचा कणा असलेला जर्नैलसिंग थायलंडविरुद्ध डोक्याला मार लागून जायबंदी झाला. टाके घालावे लागले. तो वयाने सव्वीसचाच, परंतु प्रश्न तोच होता: ज्याचे शरीर नेहमीचे काम करू शकत नाही त्याचे काय करायचे? कॉलेजात तो आघाडीस खेळत असे. रहीम यांनी त्याला पट्टी बांधलेल्या डोक्यानिशी आघाडीला नेले. उपांत्य सामन्यात त्याने दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला आणि ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही. भारताने तो सामना दोन विरुद्ध एक असा जिंकला. गोलात उभा होता आजारातून नुकताच उठलेला थंगराज. मार्गदर्शक स्वतः कर्करोगाने पोखरलेले होते. ११ जून १९६३ रोजी ते वारले.

रहीम यांच्या पद्धतीत एक अट मात्र होती, आणि तिचा विसर पडला की जुन्यास ठेवणे म्हणजे निव्वळ आळस ठरतो. नूर महंमदच्या शेजारी बलराम उभा होता. ज्येष्ठ माणूस संघात राहतो त्या काळातच त्याचा वारस तयार झाला पाहिजे. याच सिकंदराबादेत जन्मलेल्या सुनील छेत्रीला २०२४ मध्ये निरोप दिल्यावर २०२५ च्या मार्चमध्ये, चाळिशी गाठलेली असताना, पुन्हा बोलवावे लागले, आणि मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे; परंतु त्याच्या जागी कोण, याचे उत्तर ज्यांनी शोधायचे त्यांनी काय केले, हा प्रश्न त्या गोलाने सुटत नाही.

वेम्ब्लीनंतर बाजूला पडलेला आल्फ रॅम्सी पुढे इंग्लंडचा व्यवस्थापक झाला आणि १९६६ मध्ये त्याने विश्वचषक जिंकून दिला. आपल्याकडे १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताने जपानला हरवून कांस्यपदक मिळवले. कर्णधार होता हैदराबादचा बचावपटू सय्यद नईमुद्दीन, आणि मैदानाच्या कडेला प्रशिक्षक म्हणून बसले होते पी. के. बॅनर्जी, मेलबर्नला नूर महंमद आणि अझीझुद्दीन यांच्या पुढे खेळलेले.