रूम करेक्शन

रूम करेक्शन : खोलीच्या अनुनादाने बिघडलेला आवाज मायक्रोफोनने मोजून सॉफ्टवेअरच्या फिल्टरांनी सावरण्याची पद्धत. होम थिएटरमध्ये तिचा खरा उपयोग बासपुरता, म्हणजे ढोबळमानाने २०० हर्ट्‌झच्या खाली. त्याच्या वर आवाज कसा लागेल हे मुख्यतः स्पीकर ठरवतो; खाली मात्र खोलीच सत्ता गाजवते. या सीमेला जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांचे नाव दिलेले आहे.

४० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ८.६ मीटर. दिवाणखाना ४.३ मीटर लांब असेल, तर समोरच्या व मागच्या भिंतींमध्ये त्या ध्वनीचा बरोबर अर्धा तरंग बसतो आणि स्थिर तरंग तयार होतो. मग मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर चित्रपटातला स्फोट छातीत घुमतो, आणि खोलीच्या मध्यावर मांडलेल्या खुर्चीत तोच स्वर जवळपास नाहीसा होतो. रुंदी ३.२ आणि उंची २.९ मीटर असली, की ५४ व ५९ हर्ट्‌झ हे आणखी दोन अनुनाद शेजारी-शेजारी येतात. आपल्याकडच्या विटा-काँक्रीटच्या भिंती बास फारसा शोषत नाहीत, त्यामुळे हा घुमारा अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या घरांपेक्षा जास्त जाणवतो.

मोजणीसाठी मायक्रोफोन ट्रायपॉडवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर लावतात (सोफ्याच्या पाठीवर ठेवणे ही नेहमीची चूक). स्पीकरमधून खर्जापासून वर चढत जाणारा सूर निघतो. जागा बदलत तो पुन्हा पुन्हा टिपला जातो. पंखा बंद हवा, कुकरची शिट्टी नको. ऑडिसी व डिराक या रूम करेक्शनच्या प्रणाली अनेक होम थिएटर रिसीव्हरांत असतात. रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचे सॉफ्टवेअर संगणकावर मोफत मिळते.

सॉफ्टवेअर उंचवटे, म्हणजे खोलीत जास्त घुमणारे स्वर, छान कापते. कापल्यावर त्या स्वराची रेंगाळणारी शेपूटही आखडते. खड्डा, म्हणजे नाहीसा झालेला स्वर, भरणे मात्र त्याला जमत नाही. जोर वाढवला की भिंतीवरून परतून मूळ तरंगाला मारणारा तरंगही तितकाच वाढतो. १० डेसिबल चढवायचे म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडून दहापट शक्ती मागायची, आणि हाती काहीच लागत नाही.

म्हणून आधी जागा, मग सॉफ्टवेअर. सबवूफर (फक्त बास वाजवणारा स्पीकर) सोफ्यावर ठेवून आपणच भिंतीकडेने रांगत बास कुठे एकसारखा ऐकू येतो ते शोधायचे आणि सबवूफर तिथे ठेवायचा. दिसायला हास्यास्पद, पण खात्रीचा उपाय. हार्मन कंपनीतील टॉड वेल्टी यांच्या अभ्यासानुसार समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर वेगवेगळ्या बैठकांवरच्या बासमधला फरक बराच कमी करतात. एकाच महागड्या सबवूफरपेक्षा दोन मध्यम बरे.

मोजणीनंतर रिसीव्हरने स्पीकर ‘लार्ज’ (पूर्ण बास स्वतः वाजवणारे) ठरवले असतील, तर ते ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्‌झच्या आसपास ठेवतात. सबवूफरचे अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दिसले तर ते बदलू नये. सबवूफरमधील इलेक्ट्रॉनिक विलंब त्यात धरलेला असतो. सोफा किंवा सबवूफर हातभर जरी सरकवला, तरी मोजणी नव्याने करावी लागते.