जुन्या फियाटचे पुनरुज्जीवन

जुनी, बहुधा वर्षानुवर्षे बंद पडलेली मोटार विकत घेऊन ती पूर्ण सुटी करणे, गंजलेला पत्रा बदलणे, इंजिन नव्याने बांधणे आणि गाडी शक्य तितक्या मूळ स्वरूपात पुन्हा रस्त्यावर आणणे, हा जगभर रुजलेला छंद आहे. मराठीत त्याला पुनरुज्जीवन म्हटले जाते. गॅरेजमधली भाषा साधी असते, तेथे ‘गाडी बनवायला घेतली’ एवढेच म्हणतात. युरोप-अमेरिकेत हा छंद प्रामुख्याने एमजी, ट्रायम्फ, अल्फा रोमिओ यांसारख्या दोन आसनी स्पोर्ट्स कारभोवती वाढला. भारतात अशा गाड्या मुळातच थोड्या होत्या. संस्थानिकांनी किंवा ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आणलेल्या गाड्या उरल्या, आणि स्वातंत्र्यानंतर आयातीवर आलेल्या कडक निर्बंधांमुळे नव्या फारशा आल्या नाहीत. मराठी माणसाच्या शेजारी तयार झालेली स्पोर्ट्स कार सांगायची तर गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात निघालेल्या ‘सॅन स्टॉर्म’चे नाव घ्यावे लागते. दोन आसने, फायबरची बॉडी आणि रेनॉचे इंजिन असलेली ही गाडी फार थोड्या संख्येने निघाली. त्यामुळे सोलापूरसारख्या शहरात या छंदाकडे वळणाऱ्याला परवडेल आणि सापडेल अशी जुनी गाडी बहुतेक वेळा एकच असते, ती म्हणजे फियाट ११००.

चार दारांच्या या कुटुंबवत्सल गाडीचा स्पोर्ट्स कारशी संबंध काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर इंजिनात आहे. ६८ मिलिमीटर व्यासाचे चार सिलेंडर, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक आणि १,०८९ घनसेंटिमीटर क्षमता हे माप फियाटने १९३७ मध्ये, दान्ते जियाकोसा या अभियंत्याच्या आखणीतून, बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर तुरिन येथील उद्योजक पिएरो दुसियो यांनी हेच इंजिन अधिक ताकदवान करून आपल्या ‘चिसितालिया’ गाड्यांत बसवले. १९४७ च्या ‘मिले मिल्या’ शर्यतीत चोपन्न वर्षांच्या ताझियो नुव्होलारी यांनी याच जातीच्या उघड्या चिसितालियातून, आपल्याहून कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांशी झुंज देत, दुसरा क्रमांक पटकावला. पिनिनफारिनाने घडवलेली चिसितालिया २०२ ही बंद छपराची गाडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ मध्ये प्रदर्शनात मांडली आणि पुढे कायमच्या संग्रहात घेतली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आणि संग्रहालयातील ती गाडी या दोहोंच्या इंजिनाची घनक्षमता, व्यास आणि स्ट्रोक एकच आहेत. भारतातही फियाट शर्यतींपासून दूर राहिली नाही. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर हलक्या केलेल्या, कार्ब्युरेटर बदललेल्या फियाट अनेक वर्षे धावल्या.

सोलापूरचा या गाडीशी संबंध केवळ वापराचा नाही. तिचे भारतातील उत्पादन करणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घरचा व्यवसाय सावकारी आणि कापसाच्या व्यापाराचा होता. त्यांनी तो सोडून रेल्वेची कंत्राटे, जहाजे, विमाने आणि अखेर मोटारी असा प्रवास केला. प्रीमियरची स्थापना १९४४ ची. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लर समूहाच्या गाड्या जुळवल्या जात. पुढे फियाटशी करार झाला आणि १९५४ मध्ये फियाट ११००-१०३ आली. वालचंदशेठ मात्र ती पाहू शकले नाहीत. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले होते.

पुढच्या गोलसर, फुगीर नाकामुळे या पहिल्या गाडीला महाराष्ट्रात ‘डुक्कर फियाट’ हे नाव पडले आणि ते आजही प्रेमाने घेतले जाते. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने, म्हणजे मागच्या बिजागरीवर उघडत. १९६४ मध्ये सरळ रेषांची ‘११०० डिलाइट’ आली. इटलीत याच आकाराच्या गाडीला मोठे, १,२२१ घनसेंटिमीटरचे इंजिन मिळाले होते. भारतात जुने १,०८९ चेच कायम राहिले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिचे नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. उत्पादन नव्या शतकाच्या तोंडाशी थांबले. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आज निवासी संकुले आहेत.

पत्रा आधी, इंजिन नंतर

नवशिका गाडी पाहायला जातो तेव्हा बॉनेट उघडून इंजिनाकडे पाहतो. जाणता मनुष्य गुडघ्यावर बसून खालून पाहतो. फियाट ११०० ला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळ, दरवाजांखालच्या पोकळ पेट्या आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा तयार होतो. या पेट्या आतून गंजल्या तर गाडी मधोमध खचू लागते, आणि त्याची पहिली खूण म्हणजे दरवाजे नीट न लागणे. पुटी भरून वरून रंग मारलेला भाग डोळ्यांना कळत नाही. तेथे साधे लोहचुंबक चिकटत नाही, एवढी एक चाचणी पुरेशी असते. इंजिन बिघडलेले असले तरी बांधता येते. सांगाडा कुजलेला असेल तर खर्च गाडीच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो.

या बाबतीत सोलापूरचे हवामान छंदिष्टाच्या बाजूचे आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत वाढलेली मुंबईची गाडी आणि कोरड्या हवेत शेडमध्ये उभी राहिलेली सोलापूरची गाडी यांच्या पत्र्यात मोठा फरक आढळतो. उलट चाळीस अंशांवरच्या उन्हाळ्यात दरवाजांची रबरे, खिडक्यांच्या पट्ट्या, वायरींवरचे आवरण आणि सीटचे रेक्झिन यांची पापडासारखी गत होते. काळ्या मातीची बारीक धूळ कोपऱ्यांत बसून पावसाळ्यात ओल धरते. म्हणून कोरड्या भागातील गाडीचेही तळकोपरे खरवडून पाहावे लागतात.

गाडी सुटी करताना प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढणे, नटबोल्ट त्या-त्या भागाच्या नावाने वेगळ्या डब्यांत ठेवणे आणि वायरींना चिठ्ठ्या बांधणे ही कामे कंटाळवाणी आहेत. ती टाळल्यामुळे अर्ध्यावर सोडलेल्या गाड्यांची संख्या पैशाअभावी सोडलेल्यांपेक्षा कमी नसावी. गंजलेला पत्रा कापून त्याच जाडीचा नवा तुकडा वेल्ड करणे हा योग्य मार्ग होय. जुन्यावर नवा पत्रा चढवल्यास मध्ये पाणी साचते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तोच गंज पुन्हा वर येतो. फियाटची पेट्रोलची टाकी डिकीत असते. मागच्या भागाचे वेल्डिंग करण्यापूर्वी ती काढून गाडीपासून दूर ठेवणे अनिवार्य आहे. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, हे अनेकांना माहीत नसते. जुन्या ब्रेक-लायनर्समध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधील भुकटी हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. पाणी कमी पडून गाडी तापली की हेड वाकते, गॅस्केट जाते आणि तेलात पाणी मिसळते. सोलापूरच्या उन्हात हा दोष वारंवार दिसतो. हेड सपाट करणे, सिलेंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवणे, क्रँक ग्राइंड करणे ही कामे कुशल लेथ-कारागीर करतो. यंत्रमागांच्या या शहरात असे हात आहेत. मागाचे दांडे, बुश आणि दातेरी चाके कातून देणाऱ्या कारखान्यांना फियाटचा एखादा पिन अवघड नाही. मोटारींचे कॅमशाफ्ट मोठ्या प्रमाणावर तयार करून देश-विदेशातील कारखान्यांना पुरवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनीही सोलापूरचीच आहे. मात्र तेथे कामे मोटार कारखान्यांच्या मागणीनुसार चालतात. एका डुक्कर फियाटचा झिजलेला कॅमशाफ्ट घेऊन जाणाऱ्याला शेवटी गल्लीतला लेथवालाच गाठावा लागतो.

सुटे भाग मिळवणे हा छंदाचा अर्धा भाग आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईत कुर्ला परिसरातील भंगाराच्या दुकानांत अजून फियाटचे दिवे, काचा, स्टेअरिंगखालच्या गिअरचे दांडे सापडतात. टॅक्सी मोडीत निघत गेल्या तेव्हा त्यांचे भाग स्वस्तात मिळत. तो ओघ आता आटला आहे.

मूळ इंजिनाचा प्रश्न

या छंदातील खरा पेच तांत्रिक नाही. अनेक फियाट गाड्यांत इंधनाची बचत व्हावी म्हणून पुढे डिझेलचे किंवा अन्य गाडीचे इंजिन बसवले गेले. आजही मूळ इंजिन बांधण्यापेक्षा दुसऱ्या गाडीचे तयार इंजिन बसवणे स्वस्त, जलद आणि रोजच्या वापराला सोयीचे पडते. बेचाळीसच्या आसपास अश्वशक्तीचे मूळ इंजिन आजच्या महामार्गावर मागे पडते, हेही खरे. पण इंजिन गेले की १,०८९ चा वारसा संपतो आणि उरतो तो फक्त आकार. बदललेल्या इंजिनाची नोंद आरसी बुकात नसेल तर गाडी कायद्यानेही अडचणीत येते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले, त्यातही हाच मुद्दा कळीचा आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, ती मूळ रूपात असेल आणि सांगाडा, बॉडी वा इंजिनात मोठा बदल केलेला नसेल, तर ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये असे ठरवण्यात आले. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. आधीची नोंदणी असलेल्यांना जुना क्रमांक राखता येतो. त्या बदल्यात नियमित वा व्यावसायिक वापर सोडावा लागतो. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर काढता येते. डुक्कर फियाट आणि बहुतेक डिलाइट वयाच्या अटीत बसतात. पद्मिनीच्या सुरुवातीच्या गाड्या आता एकेक करून त्या उंबरठ्यावर येत आहेत. ज्यांना गाडी मनाला येईल तेव्हा चालवायची आहे, त्यांना पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी सामान्य नोंदणीचे नूतनीकरण करणे हाच मार्ग उरतो. कोणताही मार्ग घेतला तरी सौदा करण्यापूर्वी चासी व इंजिनाचा क्रमांक आरसीशी ताडून पाहावा. कागद नसलेली गाडी कितीही सुबक असली तरी ती अंगणातली शोभा ठरते.

इंधनाची अडचण अलीकडची आहे. देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा फुगवते वा चिरते, ओलावा शोषते आणि उभ्या गाडीची टाकी आतून गंजवते. साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोलापूरच्या उसातूनही इथेनॉल तयार होते, त्यामुळे येथे त्याविरुद्ध तक्रार करणे जरा अवघडच. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घेणे, पंपाचा पडदा बदलणे आणि गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी न ठेवणे हा त्यावरचा उपाय.

ब्रेकचे सिलेंडर, नळ्या आणि सगळे वायरिंग नवे घालावे. तेथे जुनेपणाचा आग्रह धरू नये. रंगाबाबत मतभेद आहेत. काही जण जुन्या पद्धतीचा ड्युको रंगच मारतात, तर बहुतेक जण टिकाऊपणासाठी आजचा ‘टू-के’ रंग निवडून छटा मात्र कंपनीची मूळ ठेवतात.

बांधलेल्या इंजिनाला सुरुवातीचे काही शे किलोमीटर सांभाळून चालवावे लागते. वेग कमी ठेवायचा, एकाच वेगात फार वेळ राहायचे नाही, चढावर दामटायचे नाही, आणि पहिले तेल लवकर बदलून हेडचे नट पुन्हा कसायचे. तुळजापूरचा रस्ता घाटाचा असल्याने तो या वेळी टाळलेला बरा. सुमारे चाळीस किलोमीटरवरचे अक्कलकोट, सपाट रस्ता आणि पहाटेची वेळ ही फियाटच्या पहिल्या फेरीला सोयीची. परतल्यावर बॉनेट उघडून पाण्याची पातळी पाहावी, आणि खाली एक जुने वर्तमानपत्र अंथरून ठेवावे. तेल कुठून गळते ते सकाळपर्यंत त्यावर उमटलेले असते.