डोके-मानेचा कर्करोग : वय हा एकमेव निकष नव्हे

तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र, नाक व त्यालगतच्या पोकळ्या यांत उद्भवणाऱ्या कर्करोगांना एकत्रितपणे डोके व मानेचा कर्करोग म्हणतात. मेंदूतील गाठींचा यात समावेश होत नाही. तंबाखू, सुपारी व मद्यपान ही भारतातील त्याची प्रमुख कारणे होत. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला हा आजार झाल्याचे कळताच 'या वयात उपचार झेपतील का?' हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो. केवळ जन्मतारीख पाहून त्याचे उत्तर देता येत नाही.

वयाचा परिणाम कोठे होतो?

रोग पुढच्या टप्प्यात असल्यास किरणोपचारासोबत सिस्प्लॅटिनसारखे औषध दिले जाते. ९३ चाचण्यांतील १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाच्या या जोडीचा लाभ वयानुसार घटत जातो आणि सत्तरीनंतर तो जवळजवळ दिसत नाही, असे त्यात आढळले. पन्नाशीच्या आतील रुग्णांच्या मृत्यूंपैकी १५ टक्के मृत्यू अन्य कारणांनी झाले होते. सत्तरीपुढील रुग्णांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हृदयविकार, फुप्फुसांचे आजार यांसारख्या व्याधी उतारवयात सोबतीला असतात. शिवाय सिस्प्लॅटिनचा भार मूत्रपिंडांवर व श्रवणशक्तीवर पडतो आणि वृद्धांत या दोहोंची क्षमता आधीच उणावलेली असते.

रुग्णाचे बळ कसे जोखतात?

याचा अर्थ वृद्धांना उपचार नाकारावेत असा नव्हे. शस्त्रक्रिया व किरणोपचार निवडक वृद्ध रुग्णांनाही उपयुक्त ठरतात. 'जी-८' या आठ प्रश्नांच्या चाचणीत भूक, वजनातील घट, हालचाल, स्मरणशक्ती, चालू औषधांची संख्या आदींची नोंद होते. १७ पैकी १४ वा त्याहून कमी गुण मिळाल्यास उपचार ठरविण्यापूर्वी सविस्तर तपासणी सुचविली जाते.

अन्य पर्याय

सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्या ३५६ रुग्णांवर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी ४१.७ टक्के, तर सोबत डोसिटॅक्सेल हे औषध घेतलेल्यांपैकी ५०.८ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. मात्र तोंड येणे व गिळताना वेदना होणे यांचे प्रमाणही वाढले. हा लाभ-तोटा प्रत्येक रुग्णापुरता तोलावा लागतो.

निदानाची वेळ

रोग कोणत्या टप्प्यात सापडला, यावर कोणत्याही वयात बरेच काही अवलंबून असते. तोंडातील व्रण तीन आठवड्यांत भरून न आल्यास, आवाज दीर्घकाळ बसलेला राहिल्यास किंवा मानेत गाठ जाणवल्यास तरुणांनी वा वृद्धांनी तपासणी लांबवू नये. वृद्ध रुग्णाने आपली औषधे व पूर्वीच्या आजारांची माहिती डॉक्टरांना द्यावी. उपचारांचा निर्णय घेताना त्याची स्वतःची इच्छाही विचारली जावी.