खाणीत उतरलेलं समुद्राचं पदक

ब्रिटनच्या अल्बर्ट पदकाचे दोन नमुने शेजारी ठेवून पाहावेत. एकावर व्ही आणि ए या अक्षरांच्या गुंफणीत जहाजाचा नांगर आहे, फीत निळी. दुसऱ्यावर अक्षरं तीच, पण नांगर नाही आणि फीत किरमिजी. कामाच्या जागी सोबत्याचा जीव वाचवणाऱ्या कामगाराची दखल राज्यसत्तेनं घ्यायची, या प्रथेचा उगम मला या गळालेल्या नांगरात दिसतो.

१८६६ साली सुरू झालेलं हे पदक समुद्रावर जीव वाचवणाऱ्यांपुरतंच होतं. एप्रिल १८७७ मध्ये ते जमिनीवर आलं, तेही कोळशाच्या खाणीमुळे. वेल्समधल्या टिनेविड खाणीत शेजारच्या जुन्या खाणीचं पाणी फुटून घुसलं आणि १४ जण आत अडकले. काही जण कोंडलेल्या हवेच्या आधारानं तगून होते. बचावकर्ते भिंत फोडून एका गटापर्यंत पोहोचले, तर दाबलेली हवा इतक्या जोरात सुटली की सुटकेच्या तोंडाशी आलेला एक जण तिथेच गेला. दुसऱ्या गटासाठी लंडनहून पाणबुडे आणले, त्यांनाही वाट मिळेना. अखेर कोळसा फोडतच माणसं पुढे सरकली आणि शेवटचे पाच जण नऊ दिवसांनी जिवंत बाहेर आले. २५ जणांना पदकं मिळाली. पहिल्या श्रेणीचे मानकरी चौघे: एक खाणमालक, तीन खाणकामगार.

याचं श्रेय राणी व्हिक्टोरियाच्या कनवाळूपणाला देतात. मला ते पुरेसं वाटत नाही. १८६२ मध्ये हार्टलीच्या खाणीत २०४ माणसं गेली. तेव्हाही राणी हळहळली होती, पण बचावासाठी झटलेल्यांना मिळाली ती खासगी पदकं. तेव्हा अल्बर्ट पदक नव्हतंच, असं कुणी म्हणेल. मग त्याच पदकाच्या जन्मसाली, डिसेंबरात, ओक्स खाणीत साडेतीनशेहून अधिक माणसं मेली. त्यांत दुसऱ्या दिवशीच्या स्फोटात सापडलेले २७ बचावकर्ते होते. तरीही पदक समुद्रावरच राहिलं.

माझं म्हणणं असं, की टिनेविड हे जमिनीखालचं जहाजबुडीचं संकट होतं. पाणी, पाणबुडे, आत जिवंत माणसं आणि रोज बातमीची वाट पाहणारा देश. स्फोट क्षणात संपतो. इथे धाडस नऊ दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. दर्यावरच्या शौर्याला सरावलेल्या सरकारला खाणकामगाराचं शौर्य ओळखू आलं, ते पाण्यामुळे.

पुढचा प्रवास सरळ आहे. १९०७ मध्ये खाणींसाठी एडवर्ड पदक आलं, १९०९ मध्ये ते कारखान्यांनाही लागू झालं. भारतानं १९६१ मध्ये जीवन रक्षा पदक सुरू केलं. त्यातलं सर्वोच्च पदक १९९१ मध्ये अभियंता जसवंतसिंग गिल यांना मिळालं. १९८९ मध्ये राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी भरलं, तेव्हा ते पोलादी कुपीत बसून भोकातून स्वतः खाली उतरले आणि ६५ कामगार वर आले.