प्याला कोणाचा?

मंडळी, द्राक्षारसाच्या घोटावरून माणसं लढली, हे आज ऐकायला विचित्र वाटतं. पण पंधराव्या शतकात बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, तसं घडलं. तेव्हा मिस्सेत भाविकांना फक्त भाकर मिळे. प्याला धर्मगुरूच पीत. हा द्राक्षारस म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, तो सांडू नये ही भीती त्यामागे होतीच. शिवाय तत्त्वज्ञानाचा आधारही होता: ख्रिस्त भाकरीत पूर्णपणे आहे, जिवंत देह आला की रक्त आलंच. थॉमस अक्वायनसचा हा युक्तिवाद. त्याची गृहीतकं मान्य केली तर मला तो आजही खोडता येत नाही.

मग अडलं कुठे? १४१४ साली प्रागमध्ये याकोउबेक या धर्मोपदेशकाने सामान्यांनाही प्याला द्यायला सुरुवात केली. त्याचा मुद्दा साधा होता. ख्रिस्ताने सगळ्यांना प्यायला सांगितलं, मग त्यातून माणसं वगळणारे आपण कोण? परिषदेतले पंडित विचारत होते, भाकरीत काय कमी आहे? आणि लोकांना ऐकू येत होतं, आमच्यात काय कमी आहे?

जून १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने ही प्रथा निषिद्ध ठरवली. ६ जुलैला तिथेच यान हुसला जिवंत जाळलं. त्याचा खटला मुख्यतः प्याल्याचा नव्हता बरं का, पण लोकांच्या मनात दोन्ही एक झाले. प्याला हुसपंथीयांच्या झेंड्यावर चढला. युद्धं झाली, आणि १४३६ च्या तडजोडीत बोहेमियातल्या प्रापंचिकांना तो मिळाला. १६२० च्या पराभवानंतर पुन्हा काढून घेतला गेला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने काही प्रसंगांपुरती वाट मोकळी केली, ती १९६३ साली.