परतलेला प्राणवायु

गुदमरलेल्या माणसास मोकळ्या हवेंत आणावें म्हणजे तो वांचतो, हें शहाणपण कोणास शिकवावें लागत नाहीं. अवयवरोपणाच्या इतिहासांत मात्र एक प्रकरण असें आहे कीं, त्यांत ह्या सर्वमान्य समजुतीस मोठाच धक्का बसला. तासन्‌तास रक्तावांचून राहिलेल्या मूत्रपिंडांत रक्त पुन्हां खेळूं लागलें, त्याचा निस्तेज करडा रंग जाऊन तें गुलाबी झालें, म्हणजे संकट टळलें असें शस्त्रवैद्य मानीत; आणि हानीचा बराच मोठा भाग नेमका त्याच क्षणीं सुरू होत असे. ही गोष्ट ध्यानांत यावयास जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं. इतका काळ कां लागावा, हें पाहणें मला तरी त्या शोधाइतकेंच उद्बोधक वाटतें.

ता. ३ एप्रिल १९३३ रोजीं युक्रेनमधील खेर्सन शहरीं युरी व्होरोनॉय नांवाच्या शस्त्रवैद्यानें एका मनुष्याचें मूत्रपिंड दुसऱ्या मनुष्यास बसविण्याचा पहिला प्रयोग केला. रोगीण सव्वीस वर्षांची होती. जीव देण्याच्या इराद्यानें तिनें पाऱ्याचें जालीम विष घेतलें होतें, आणि तिचीं मूत्रपिंडें बंद पडलीं होतीं. ज्याचें मूत्रपिंड घेतलें तो साठ वर्षांचा पुरुष डोक्यास मार लागून मरण पावला होता. मृत्यूनंतर सहा तासांनीं तें काढण्यांत आलें व तिच्या मांडींत जोडलें गेलें. दोन दिवसांनीं ती वारली. दोघांचे रक्तगट जुळत नव्हते हें खरें. परंतु आज ती हकीकत वाचतांना मन अडखळतें तें त्या सहा तासांपाशीं. प्रेताच्या ओसरत्या उबेंत, रक्तावांचून, सहा तास! व्होरोनॉयनें पुढें १९४९ पर्यंत असे आणखी प्रयोग केले. एकहि साधला नाहीं.

शिवणकामांत उणें नव्हतें. रक्तवाहिन्या टांक्यांनीं जोडण्याची कला अलेक्सी कारेल ह्यानें फ्रान्समधील लिऑं येथें १९०२ सालींच सिद्ध केली होती, व पुढें १९१२ मध्यें त्यास नोबेल पारितोषिक मिळालें त्यांत ह्या कलेचा वांटा मोठा होता. मग अपयश कशाचें? ह्याचें उत्तर इंग्लंडांत पीटर मेडावर ह्यानें १९४४ च्या सुमारास सशांच्या कातडीवर प्रयोग करून दिलें. शरीर आपलें आणि परकें ओळखतें, व परक्यास झिडकारतें, हें तें उत्तर. तें इतकें पटण्याजोगें होतें कीं पुढील पिढीस दुसरें कारण शोधण्याची निकडच भासेना. ता. २३ डिसेंबर १९५४ रोजीं बोस्टन येथें जोसेफ मरे व त्याचे सहकारी ह्यांनीं एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसविलें, आणि तो रोगी आठ वर्षें जगला. जुळे भाऊ; परकेपणा नाहीं; म्हणून यश. हा अर्थ खरा होता, पण पुरा नव्हता. बोस्टनचें मूत्रपिंड रक्तावांचून राहिलें होतें अवघीं ८२ मिनिटें. ८२ मिनिटें आणि सहा तास ह्यांमधील अंतर त्या काळच्या विचारांत दुय्यमच राहिलें.

पुढें मृतांचीं मूत्रपिंडें वापरण्याची गरज वाढली, तेव्हां तीं टिकवावीं कशीं हा प्रश्न आपोआप पुढें आला. पहिलें उत्तर घरांतील दूध टिकविण्याहून फारसें निराळें नव्हतें: थंड ठेवा. उष्णतामान दहा अंशांनीं उतरलें म्हणजे पेशींचा व्यवहार सामान्यतः निम्म्यावर येतो. पण थंडींत पेशींच्या भिंतींवरील पंपहि मंदावतात, बाहेरील सोडियम आंत शिरतें, आणि पेशी फुगतात. फोल्कर्ट बेल्झर ह्यानें १९६७ मध्यें सॅन फ्रॅन्सिस्को येथें थंड द्रव यंत्रानें सतत खेळवून कुत्र्यांचीं मूत्रपिंडें ७२ तास टिकविलीं. दोनच वर्षांनीं लॉस एंजेलिस येथें जेफ्री कॉलिन्स ह्यानें यंत्राशिवाय काम भागविलें. पेशींच्या आंतील द्रवाप्रमाणें पोटॅशियम अधिक व सोडियम कमी असलेलें पाणी करून त्यानें मूत्रपिंड धुतलें व बर्फांत ठेवलें. तें तीस तास टिकलें. त्याच्या सहकाऱ्यांत पॉल तेरासाकी हा होता. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांस छावण्यांत कोंडलें, त्यांत तो लहानपणीं सांपडला होता. देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या पेशी कितपत जुळतात हें पाहण्याची सुटसुटीत परीक्षा ह्याच गृहस्थानें १९६४ मध्यें काढली. आपलें-परकें मोजणारा तो माणूस. त्याचें नांव पुढें पुन्हां यावयाचें आहे.

आतां थोडें रसायनशास्त्र, आणि तें टाळतां येण्याजोगें नाहीं. आपण श्वासावाटे घेतलेला प्राणवायु पेशींतील तंतुकणिकांत चार इलेक्ट्रॉन स्वीकारून पाणी होतो. पण एखादा इलेक्ट्रॉन वाट चुकून एकटाच प्राणवायूस चिकटतो, आणि सुपरऑक्साइड नांवाचें अर्धवट, खवळलेलें द्रव्य तयार होतें. त्यापासून निघणारीं कांहीं द्रव्यें त्याहून दाहक असतात. पेशींच्या आवरणांतील स्निग्ध पदार्थांस तीं नासवितात. जुनें खोबरें खवट होतें ती क्रिया हीच; फरक इतकाच कीं येथें खवट होते ती जिवंत पेशींची भिंत. प्राणवायूचें विष आणि क्ष-किरणांची इजा ह्यांचें मूळ असल्याच द्रव्यांत आहे, असें रिबेका गेर्शमन व तिचे सहकारी ह्यांनीं १९५४ मध्यें मांडलें तेव्हां फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं. १९६९ मध्यें जो मॅककॉर्ड व अर्विन फ्रिडोविच ह्यांनीं दाखविलें कीं, सुपरऑक्साइडचा नाश करण्याचें एक एन्झाइम शरीरांत मुळांतच आहे. ज्या घरांत पाणी भरलेली बादली सदैव दाराशीं ठेवलेली असते, त्या घरास आगीचें भय असलेंच पाहिजे. तसाच हा तर्क.

ही आग रक्त बंद असतांना कां लागत नाहीं? कारण तेव्हां प्राणवायूच नसतो. पण तेव्हां सरपण सांचत असतें. पेशींचें शक्तिद्रव्य मोडून हायपोझँथीन उरतें, आणि तें जाळणारें एन्झाइम अशा स्वरूपांत येतें कीं प्राणवायु मिळतांच तें सुपरऑक्साइड सोडूं लागतें. ही उपपत्ति मॅककॉर्ड व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८१ च्या सुमारास मांजरीच्या आंतड्यावरील प्रयोगांतून मांडली. १९८६ मध्यें आलेला पुरावा तर अत्यंत बोलका होता. एका आंतड्याचें रक्त चार तास अडविलें. दुसऱ्याचें तीन तास अडवून एक तास पुन्हां सुरू केलें. अधिक इजा दुसऱ्यास झाली! मूत्रपिंडापुरतें पाहावयाचें तर १९८४ मध्येंच उंदरांवरील प्रयोगांत असें आढळलें होतें कीं, ती दाहक द्रव्यें निवारणारीं औषधें दिल्यास रक्तरोधाची इजा कमी होते. दीर्घ उपासानंतर जाणतीं माणसें ताट वाढीत नाहींत, पातळ पेज देतात. दृष्टान्त थोडा लंगडा आहे, तरी दिशा बरोबर आहे.

वास्तविक ह्या सत्याची एक खूण १९४१ सालींच उघड्यावर पडली होती. लंडनवर बॉम्ब पडत असतां ढिगाऱ्याखालीं तासन्‌तास चेंगरलेलीं माणसें बाहेर काढलीं जात. काढतांना तीं बरीं दिसत; मग दबलेला पाय सुजे, रक्तदाब उतरे, आणि कांहीं दिवसांनीं मूत्रपिंडें बंद पडून तीं दगावत. एरिक बायवॉटर्स ह्यानें त्यांचें बारकाईनें वर्णन केलें. तेथें मूत्रपिंडास भोंवत असे तें सुटलेल्या स्नायूंतून वाहून आलेलें द्रव्य, म्हणून तें प्रकरण अगदीं एकच नव्हे. परंतु सुटकेनंतर मरण, हा क्रम तोच.

ह्या ज्ञानाचा पहिला व्यावहारिक लाभ विस्कॉन्सिनमध्यें झाला. तेथें बेल्झर व जेम्स साउदर्ड ह्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत जो नवा द्रव तयार केला, त्यांत संधिवाताच्या एका प्रकारावर चालणारें अॅलोप्युरिनॉल आणि ग्लुटाथिऑन हीं दोन द्रव्यें मुद्दाम घातलीं होतीं. पहिलें त्या एन्झाइमास आवरतें, दुसरें दाहक द्रव्यें शोषितें. मात्र रसायनाचा वाद तेवढ्यावर मिटला नाहीं. २०१४ मध्यें केंब्रिजच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, रक्त बंद असतां सक्सिनेट नांवाचें द्रव्य सांचतें आणि प्राणवायु येतांच तंतुकणिकांतूनच आगीचा पहिला लोळ उठतो. आज हीच उपपत्ति अधिक वजनदार मानली जाते.

खरें आश्चर्य पुढेंच आहे. म्यूनिक येथें वाल्टर लँड ह्यानें शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्यांस तेंच सुपरऑक्साइडनाशक एन्झाइम टोंचून पाहिलें. १९९४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या फलितांत नवें मूत्रपिंड लवकर काम करूं लागलें असें दिसलें नाहीं. पण परकें म्हणून झिडकारलें जाण्याचे तीव्र प्रसंग कमी झाले, व चार वर्षांनंतर मूत्रपिंड टिकल्याचें प्रमाण ५२ च्या जागीं शेंकडा ७४ भरलें. म्हणजे भाजलेलें मूत्रपिंडच शरीराच्या पहारेकऱ्यांस हांक मारतें! औषध म्हणून तें एन्झाइम रूढ झालें नाहीं. विचार मात्र रुजला. पुढच्याच वर्षीं, १९९५ मध्यें, तेरासाकीनें अमेरिकेंतील हजारों रोपणांचा हिशेब मांडला. नवऱ्यानें बायकोस किंवा बायकोनें नवऱ्यास दिलेलीं मूत्रपिंडें तीन वर्षांनीं शेंकडा ८५ टिकलेलीं होतीं, आईबापांनीं दिलेलीं ८२, मृतांचीं ७०. पतिपत्नींत रक्ताचें नातें नसतें आणि पेशीहि क्वचितच जुळतात. जिवंत देहांतून निघून लगेच दुसऱ्या देहांत गेलेलें मूत्रपिंड फारसें दुखावलेलें नसतें, एवढेंच त्याचें सामर्थ्य. आपलें-परकें मोजण्यांत ज्यानें आयुष्य घालविलें, त्यानेंच हें सांगावें ह्यांत मला शास्त्राचा प्रामाणिकपणा दिसतो.

आपल्याकडे ह्या निष्कर्षाची एक बाजू घरोघर जाणवण्याजोगी आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९६५ सालीं मृताचें मूत्रपिंड बसविण्याचा प्रयोग झाला, तरी टिकाऊ यश १९७१ मध्यें वेल्लोर येथें आलें, आणि तें जिवंत नातलगाच्या देणगीनें. तेव्हांपासून भारतांत बहुतेक मूत्रपिंडें जिवंत नातलगांचींच येतात, व देणाऱ्यांत बायकांची संख्या अधिक असते. पत्नीचें मूत्रपिंड पतीस उत्तम चालतें, हें वाक्य प्रयोगशाळेंत निरुपद्रवी असेल. सासरच्या माजघरांत तें आज्ञेसारखें ऐकूं येतें. म्हणून मृतांचीं मूत्रपिंडें कमी दुखवून टिकवितां येणें, हा प्रश्न माझ्या मतें निव्वळ रसायनाचा राहत नाहीं.

त्या दिशेनें झालेल्या एका प्रयोगाचें फलित २०२० मध्यें प्रसिद्ध झालें. ब्रिटन, बेल्जम व नेदर्लंड्स ह्या देशांत पन्नाशी उलटलेल्या व हृदय बंद पडून वारलेल्या दात्यांचीं मूत्रपिंडें घेतलीं. दोन्हीं थंड यंत्रावर ठेवलीं. एकाच्या द्रवांत प्राणवायु मिसळला, दुसऱ्याच्या द्रवांत नाहीं. वर्षाअखेर प्राणवायु मिळालेल्यांपैकीं शेंकडा ३ निकामी झालीं, न मिळालेल्यांपैकीं शेंकडा १०, आणि झिडकारलें जाण्याचे प्रसंगहि पहिल्यांत कमी होते. जीं दोन्हीं टिकलीं त्यांच्या कामांत मात्र निश्चित म्हणण्याजोगा फरक आढळला नाहीं.